आवडीचा मूळ निवासी दाखला

महसूल खात्यात नोकरी करताना मूळ निवासी दाखल्यांवर आम्ही किती सह्या केल्या, याची मोजदाद नाही. अर्जदार कोठला, बाप कोठला, वास्तव्य किती वर्षांचे, पुरावा काय, हे पाहिल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, असा शिरस्ता होता. गंमत अशी की, हाच प्रश्न आम्हां इंदूरच्या मराठी घरांना जन्मभर विचारला जातो. पूर्वज होळकरांच्या चाकरीत आले, पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदल्या, तरी नवा परिचय झाला की समोरचा म्हणतोच, "पण तुम्ही मूळचे कोठले?" त्यात द्वेष नसतो. मात्र आपले येथे असणे पुराव्याशिवाय कोणी गृहीत धरत नाही, एवढे त्यातून कळते.

याच जातीचा आणखी एक प्रश्न आमच्या वाट्याला आला. आम्हांला मोटारींच्या शर्यतींचा, विशेषतः फॉर्म्युला वनचा, नाद आहे. हे कळले की लोक विचारतात, "बाईमाणसाला हे वेड कसे लागले?" पुरुषाला असे कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. त्याचे वेड हे त्याचे वेड; आमच्या वेडाला मात्र दाखला हवा. एखादी आवड आपली म्हणवण्यासाठी तिचे मूळ दाखवावे लागते काय? आणि लागत नसेल, तर तिच्याबद्दल आपण कोणत्याच प्रश्नाला बांधील नाही काय?

भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत 30 ऑक्टोबर 2011 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली. आम्ही यजमानांसह गेलो होतो. त्यांना या प्रकारात काडीचा रस नाही. केवळ आमच्यासाठी कानांत बोळे घालून ते बसले होते. शेजारचे एक गृहस्थ त्यांना तासभर टायरांचे नियम समजावून देत होते. कोरड्या शर्यतीत मऊ आणि कडक असे दोन्ही प्रकार का वापरावे लागतात, हे आम्हांला पाठ होते. यजमान मात्र बिचारे नुसती मान डोलावत होते. शेवटी ते म्हणाले, "अहो, हे सारे हिला विचारा." गृहस्थांनी आश्चर्याने आमच्याकडे पाहून तोच प्रश्न केला, आणि आमच्या तोंडून नेहमीचेच उत्तर गेले, "मुलामुळे लागला हो नाद." परतीच्या गाडीत यजमान एवढेच म्हणाले, "अगं, आपल्या मुलाला क्रिकेटपलीकडे काही ठाऊक तरी आहे का?"

खरी हकीकत अशी. 2 जून 1996, रविवार. इंदुरात उकाडा असह्य झालेला, पावसाचा पत्ता नाही. आम्ही दूरदर्शन संचासमोर तांदूळ निवडत बसलो होतो. केबलवर बार्सिलोनाची शर्यत लागली होती आणि तेथे धो धो पाऊस कोसळत होता. पाऊस बघावा म्हणून आम्ही थांबलो. गाड्या घसरत होत्या, भिंतींवर आदळत होत्या. एकच लाल गाडी जणू दुसऱ्याच रस्त्यावरून चालली होती. मायकेल शूमाखरचा फेरारीसाठीचा तो पहिला विजय. शर्यत पुरी करणाऱ्या गाड्या अवघ्या सहा. नियम, गुण, संघ यांतले आम्हांला काहीही कळत नव्हते. पण पहिल्या पावसात कचेरीतून लुनावर परतताना चाक कोठे निसटते, ब्रेक किती अलगद दाबावा, हे आमच्या हातांना ठाऊक होते. त्या हातांनीच त्या माणसाचे कसब ओळखले. तांदळाचे ताट तसेच राहिले. वडील नाहीत, भाऊ नाही, पती नाही, पुत्र नाही. या आवडीत मध्यस्थ कोणीच नव्हता.

मग खोटे का बोललो? मुलाचे नाव पुढे केले की प्रश्न तेथेच मिटत असे. आईने मुलासाठी काहीही आवडून घ्यावे, हे सर्वांना पटते. अशा निरुपद्रवी असत्याला पाप म्हणावे काय, असे आम्हांलाही वाटे. पण ते निरुपद्रवी नव्हते. आमच्या एका भाचीला दहावीनंतर ऑटोमोबाईलच्या पदविकेला जायचे होते. इंदूरजवळ पीथमपूरला मोटारींचे कारखाने असल्याने तिचा विचार काही वेडगळ नव्हता. घरात चर्चा निघाली तेव्हा वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, "बायकांना हे आपणहून सुचत नाही. मावशीचेच पाहा, तिलासुद्धा मुलामुळे गोडी लागली." आम्ही तेथेच बसलो होतो. खरे सांगण्यास एक वाक्य पुरले असते. आम्ही चहाचे कप उचलून आत गेलो. भाची वाणिज्य शाखेकडे गेली. ती सुखात आहे आणि तिने आम्हांला कधी बोल लावला नाही. पण आमच्या सोयीचे असत्य तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले, हे आम्ही विसरू शकत नाही.

येथे कोणी म्हणेल, मदत करणाऱ्याचे नाव घेऊच नये काय? अवश्य घ्यावे. फ्रान्सच्या मिशेल मुतोंला तिच्या वडिलांनी गाडी घेऊन दिली, पाठबळ दिले. 1981 साली सान रेमोची रॅली जिंकून जागतिक रॅली अजिंक्यपदातील फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. 1982 मध्ये तिने आणखी तीन रॅली जिंकल्या. अजिंक्यपदाच्या ऐन लढतीत, आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या वेळी, ते वडील गेले. त्यांचे स्मरण हे खरे ऋण आहे. ऋण मान्य करणे वेगळे आणि आपलेच धन दुसऱ्याच्या नावावर चढवणे वेगळे. महसुली भाषेत त्या दुसऱ्या प्रकाराला बेनामी म्हणतात.

तथापि मूळ विचारू नये म्हणजे काहीच विचारू नये, असे नव्हे. 27 एप्रिल 1975 रोजी, त्याच बार्सिलोनातील मोंजुइक टेकडीवर स्पॅनिश शर्यत होती. कडेचे लोखंडी कठडे नीट आवळलेले नाहीत म्हणून चालकांनी सरावास नकार दिला. संघांच्या कामगारांनी स्वतः पाने घेऊन ते आवळले. आदल्या वर्षीचा जगज्जेता फिटिपाल्डी निषेध म्हणून शर्यतीतून बाहेर पडला. तरी शर्यत झाली. आघाडीवरच्या श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यापलीकडे गेली आणि कडेला उभी असलेली माणसे दगावली. 75 पैकी 29 फेऱ्यांवर शर्यत थांबली, म्हणून गुण निम्मे दिले गेले. सहाव्या स्थानी इटलीची लेल्ला लोम्बार्डी होती. तिला अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपदात स्त्रीने मिळवलेला तेवढाच गुण. 1976 नंतर तर एकही स्त्री त्या शर्यतींत उतरलेली नाही.

त्या अर्ध्या गुणाचा आम्हांला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी मान खाली जाते. ज्या दिवशी माणसे मेली, त्याच दिवसाचा तो गुण आहे. दोन्हींना एकमेकांपासून सोडवता येत नाही. म्हणून आवडीला योग्य प्रश्न हा, की ती कशावर उभी आहे आणि तिची किंमत कोण देतो. हा प्रश्न स्त्रीला जितका, तितकाच पुरुषालाही लागू आहे. 2018 पासून चालकाच्या डोक्याभोवती हेलो नावाचे कडे सक्तीचे झाले, तेव्हा शर्यतीचे सौंदर्य गेले म्हणून नाके मुरडणारे थोडे नव्हते. 29 नोव्हेंबर 2020 ला बहारीनमध्ये ग्रोजाँची गाडी कठडा फाडून दुभंगली, पेटली, आणि तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. ते कडे नसते तर त्याचे डोके वाचले नसते. नाके मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे लिहून ठेवतो.

गेल्या दिवाळीत भाची मुलीला घेऊन आली होती. मुलीने विचारले, "आजी, तुला हे कोणी शिकवलं?" आम्ही त्या पावसाची, तांदळाच्या ताटाची आणि लुनाची हकीकत तिला सांगितली, मग मोंजुइकचीही सांगितली. भाची दारात उभी राहून ऐकत होती. सांगून झाल्यावर आम्ही तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "मावशी, हे तेव्हा सांगायचं होतंस." आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते, आजही नाही.