औषधाचे ऋण, औषधाचे व्रण

आजारातून उठलेल्या माणसाने कृतज्ञ असावे, ही अपेक्षा आपल्या मनात खोल रुजलेली आहे. ज्या औषधाने त्याला उठविले त्याच औषधाविषयी तो तक्रार करू लागला, तर ती आपल्याला कृतघ्नपणाची वाटते. ‘पायावर उभा आहेस, ही देवाची कृपा समज,’ असे म्हणून आपण त्याला गप्प करतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीने ग्रासलेल्या अनेकांना ही समजूत पुन्हा पुन्हा ऐकावी लागते. ती न्याय्य आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या व्याधीचे पद्धतशीर वर्णन केले. तिच्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीचे मज्जातंतू यांच्यावरील मायलीन नावाच्या आवरणावर उलटते. पुष्कळांच्या बाबतीत आजार झटक्यांनी येतो. एका डोळ्यापुढे धूसर पडदा येतो, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. अशा वेळी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहसा रोज एक ग्रॅम या प्रमाणात तीन ते पाच दिवस शिरेतून दिले जाते. दाह ओसरतो आणि रुग्ण लवकर सावरतो.

या औषधाच्या घराण्याचा इतिहास आशेने भरलेला आहे. अमेरिकेत रोचेस्टर येथे डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये सांधेदुखीने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या औषधाची दुसरी बाजूही थोड्याच काळात दिसू लागली. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत त्याची मर्यादाही स्पष्ट झाली. दृष्टीच्या मज्जातंतूच्या दाहावरील एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. शिरेतून स्टेरॉइड दिलेल्यांची दृष्टी लवकर परतली. काही महिन्यांनंतर मात्र औषध न घेतलेल्यांच्या आणि त्यांच्या दृष्टीत फारसे अंतर उरले नाही. म्हणजे हे औषध झटक्याचा काळ कमी करते, व्याधीची दीर्घकालीन वाटचाल ते बदलत नाही. कित्येक आठवड्यांचे अंधत्व किंवा पांगळेपण टळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याची किंमतही मोजावी लागते.

थोड्या दिवसांच्या उपचारात झोप उडते, तोंडाला धातूसारखी चव येते, मन उगाच उत्तेजित किंवा खिन्न होते, रक्तातील साखर वाढते. हे बहुधा निवळते. परंतु असे उपचार वारंवार झाले किंवा गोळ्या दीर्घकाळ चालल्या, तर हाडे विरळ होतात, मोतीबिंदू धरतो, मधुमेह जडू शकतो, मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. दीर्घकाळच्या गोळ्या एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते, कारण शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर निजलेली असते. काहींच्या बाबतीत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटतो आणि ते हाड झिजू लागते. हे दुखणे उपचारानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही प्रकट होते. तेव्हा रुग्ण लंगडू लागला तर घरचे म्हणतात, ‘आजार वाढला.’ कधी वैद्यकालाही तसेच वाटते. साध्या क्ष-किरण चित्रात सुरुवातीला काही दिसतही नाही. आपले कोणते दुबळेपण व्याधीचे आणि कोणते औषधाचे, हे त्या बिचाऱ्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

येथे आपल्या नीतिशास्त्राची एक जुनी शिकवण आठवते. एकाच कृतीतून दोन परिणाम निघू शकतात, एक हेतुपूर्वक आणि दुसरा हेतूबाहेरचा, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आत्मरक्षणाची चर्चा करताना मांडले. पुढील धर्मपंडितांनी त्याचे नियम बांधले. कृती मुळात चांगली किंवा निर्दोष असावी, वाईट परिणाम इच्छिलेला नसावा, चांगले फळ वाईटाच्या द्वारे मिळविलेले नसावे, आणि त्या हानीच्या तोलाचे कारण असावे. या कसोटीवर स्टेरॉइडचा योग्य उपचार निःसंशय उतरतो. तो देणाऱ्याचे हात निर्मळ आहेत.

पण एवढ्याने प्रश्न मिटला असे आम्हांस वाटत नाही. हे तत्त्व कृती करणाऱ्याला दोषमुक्त करते. मागे उरलेल्या हानीचे काय करावयाचे, याविषयी ते बोलत नाही. जी हानी आधीच दिसत होती, तिची जबाबदारी हेतू नव्हता म्हणून संपत नाही. उलट, ती दिसत होती म्हणूनच काही कर्तव्ये उत्पन्न होतात. रुग्णाला ती आधी सांगणे, नंतर हाडे, डोळे आणि साखर यांवर नजर ठेवणे, आणि दुखते असे तो म्हणाला की त्याच्यावर विश्वास ठेवून तपासणे. ही कर्तव्ये वैद्याची आहेत, तशीच घरच्यांची आणि धर्मग्रामाचीही आहेत.

आणि कृतज्ञतेचे काय? बेन सिराचा ग्रंथ अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावयास सांगतो आणि औषधे परमेश्वरानेच पृथ्वीतून निर्माण केली असे मानतो. त्याच पवित्र शास्त्रात बाविसावे स्तोत्रही आहे. ते आक्रोशाने आरंभते आणि मंडळीत देवाच्या स्तुतीने संपते. स्तोत्रकर्त्याने स्तुतीसाठी आक्रोश खोडला नाही. प्रभूने क्रुसावर तोच आक्रोश आपल्या ओठांवर घेतला. मग औषधाचे ऋण मान्य करणाऱ्याने त्याचे व्रण झाकून ठेवावेत, अशी सक्ती करणारे आपण कोण? जी कृतज्ञता मौनाच्या अटीवर मागितली जाते, ती खऱ्या अर्थाने कृतज्ञता राहत नाही.

दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, हे आपण सर्व जाणतो. त्याचे पुढचे वागणे आपल्या ध्यानात कमी राहते. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले आणि जो अधिक खर्च होईल तो परत येताना फेडीन असे वचन दिले. मलमपट्टीने आपले काम संपले असे त्याने मानले नाही. पुढे काही उरणार, हे त्याने गृहीत धरले होते. आपल्या धर्मग्रामात असा कोणी आजारी असेल, तर उपचार संपल्यावर वर्षाने, दोन वर्षांनीही त्याच्या दारी जावे, आता काय दुखते असे विचारावे, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्यावे.