निर्मूलन उद्याचं, कळा आजच्या

सिकलसेलवरच्या ‘कॅसजेव्ही’ या जनुकीय उपचाराला ब्रिटनपाठोपाठ मान्यता दिली ती चिमुकल्या बहरीनने. डिसेंबर २०२३मध्ये, अमेरिकेच्याही काही दिवस आधी. नवल नाही, हा आजार तिथे इतका परिचयाचा की लग्नाआधीची तपासणी २००४पासून कायद्यानेच सक्तीची आहे. आपल्यालाही हे परकं वाटू नये. बहरीनमधल्या आणि गडचिरोली-नंदुरबारमधल्या सिकलसेलचा जनुकीय साचा बहुतांशी एकच, ‘अरब-भारतीय’ नावाने ओळखला जाणारा. भारतानेही जुलै २०२३मध्ये निर्मूलनाची मोहीम सुरू केली. मुदत २०४७ची.

कळा मात्र आज रात्रीच्या असतात. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांना प्राणवायू पुरत नाही आणि अंग ठणकू लागतं. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतलं तर असे प्रसंग कमी होतात, संपत नाहीत. पॅरासिटामॉल अपुरं पडतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि या आजारात मूत्रपिंड आधीच नाजूक. दुखणं अनावर झालं की उरतं मॉर्फिन.

इथे औषधाचा प्रश्न विश्वासाचा होतो. ताप थर्मामीटर सांगतो, वेदना फक्त रुग्ण सांगतो. नेमक्या इंजेक्शनचं नाव घेणारा रुग्ण अनुभवाने शहाणा झालेला असतो. समोरच्याला तो व्यसनी वाटतो. ही भीती निराधार नाही. मॉर्फिनची सवय लागू शकते, श्वास मंदावू शकतो. पण भीतीपोटी औषध नाकारण्याचंही मोल असतं आणि ते डॉक्टर नव्हे, रुग्ण मोजतो. औषधासाठी अफू पिकवणाऱ्या आपल्याच देशात १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीपायी अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले. संशय सैल व्हायला कायदा पुरत नाही.

त्याला उतारा साधा आहे. कोणतं औषध, किती मात्रेत लागू पडतं, हे रुग्ण बरा असतानाच त्याच्या कागदावर लिहून ठेवायचं. मग रात्रपाळीच्या डॉक्टरला त्याच्या चारित्र्याचा निवाडा करावा लागत नाही. अमेरिकी रक्तविकारतज्ज्ञांची २०२०ची शिफारस आहे, रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळावं. वेदना यंत्राने मोजता येत नसेल, उशीर घड्याळाने मोजता येतो. किती जणांची तपासणी झाली, या आकड्याशेजारी हाही आकडा मोहिमेच्या अहवालात छापला पाहिजे.