घरी पोचविणारा

वाळपईच्या मैदानावर असो वा पुण्याच्या, सॉफ्टबॉलचा नियम एकच. तिसऱ्या बेसवर आपला गडी उभा आहे. फलंदाज चेंडू उंच व लांब मारतो. झेल जातो, फलंदाज बाद होतो. पण दोन गडी आधीच बाद नसतील, तर बेसवरचा गडी झेलापर्यंत थांबून घरी, म्हणजे होमला, धाव घेतो. धाव त्याच्या नावे लागते. बाद दुसराच झालेला असतो.

शब्बाथ शाळेचे शिक्षक असेच असतात. उद्या मूल साक्ष देईल, तेव्हा शिकविणाऱ्याचे नाव निघेलच असे नाही. म्हणून आम्ही खचावे काय? प्रभूने तर आपणांस पित्याच्या घरी नेण्यासाठी स्वतःस दिले. या आठवड्यात आम्ही कोणाला घरी पोचविणार?