तात्यांचं स्वतःचं ऊन

तासगाव तालुक्यातल्या एका गावात तात्या नावाचे निवृत्त तलाठी राहतात. नोकरीभर लोकांचे सातबारे वाचले, आता विजेचं बिल वाचतात. तुम्ही-आम्ही बिलावरचा एकच आकडा बघतो, भरायचा. तात्या स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर 16 टक्के वीज शुल्क असं ओळीओळीवर पेन्सिलीची खूण करत खाली उतरतात. मुलगा-सून पुण्याहून कायमची गावी आली, वरच्या खोलीत एसी बसला आणि युनिटं तीनशेच्या पुढं सरकली, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पहिल्या 100 युनिटांचा भाव एक, 101व्यापासून जवळपास दुप्पट, 300 च्या पुढं त्याहून चढा. पगार असा टप्प्याटप्प्यानं दुप्पट झालेला तात्यांनी कधी पाहिला नव्हता.

2024 च्या फेब्रुवारीत केंद्राची सूर्यघर योजना जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. तात्यांनी फॉर्म भरला, स्लॅबवर पॅनेलं चढली, जुन्या मीटरच्या जागी नेट मीटर आलं. एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिटं, तिनाला बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. वापरून उरलेली वीज तारेत जाते, तिची युनिटं खात्यावर जमा होतात आणि 31 मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. पुढच्याच महिन्यात बिलावर स्थिर आकार तेवढा उरला. ते बिल तात्यांनी देवघराशेजारी टाचणीनं लावलं.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. बिघडले ते तात्या. पहाटे ऊन चढायच्या आत ते स्लॅबवर जाऊन पॅनेलं पुसायचे. पाखरांची शिट, बागांमधून उडून आलेली फवारणीची पांढरी भुकटी, सगळं ओल्या फडक्यानं निपटून काढायचे. तिथूनच खाली गल्लीत दिसेल त्याला विचारायचे, "काय रे, किती आलं बिल?" समोरच्यानं आकडा सांगितला की नुसते हसायचे.

गल्लीच्या तोंडाला 63 केव्हीएची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, होती. ती बसवली तेव्हा घरटी दोन बल्ब आणि एक टीव्ही. आता गीझर, फ्रिज, एसी, वर सुमनवहिनींची पिठाची गिरणी. संध्याकाळी डीपी घुमायची आणि पंखे रेंगाळायचे. शंभरची डीपी मिळावी म्हणून वहिनी अर्ज आणि घरटी पाचशेची वर्गणी घेऊन दारोदार फिरत होत्या. नियमानं डीपी बदलायचं काम वीज कंपनीचं. पण गावाकडं नियमाच्या आधी ट्रॅक्टर लागतो आणि ट्रॅक्टरला डिझेल.

तात्यांनी अर्ज चष्मा लावून वाचला, त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि सही न करता परत दिला.

"वहिनी, डीपीशी माझा संबंध काय आता? माझी वीज मी पिकवतो."

वहिनी काही बोलल्या नाहीत. दळण घेऊन ताटकळलेलं गिऱ्हाईक होतं, त्या गेल्या.

वैशाखात एका दुपारी धाड्कन आवाज झाला, डीपीतून तेलाचा धूर निघाला आणि गल्ली बंद पडली. तात्या पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "चालू दे त्यांचं. सूनबाई, पंखा पाचवर कर." सूनबाईंनी बटण दाबलं, परत दाबलं. तात्या उठून स्लॅबवर गेले. ऊन असं की पाय ठेववेना, पॅनेलं लखलखीत पुसलेली आणि इन्व्हर्टरवर मात्र लाल दिवा.

बसवणाऱ्याला फोन लागला.

"तात्या, लाइन गेली की तुमचा इन्व्हर्टर आपोआप बंदच होतो. तसाच बनवलेला असतो."

"अरे, पण ऊन आहे की!"

"ऊन असू द्या. लाइन बंद समजून वायरमन पोलवर चढला आणि तुमच्याकडनं वीज आली, तर त्याचं काय व्हायचं? बॅटरीवालं घेतलं असतं तर घरापुरतं चाललं असतं, पण त्याचे पैसे वेगळे."

"आधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही बिल किती येणार तेवढंच विचारलंत."

खरं तर हे कोटेशनच्या दुसऱ्या पानावर छापलेलं होतं. ओळीओळीवर खूण करणाऱ्या माणसानं पान उलटलं नव्हतं, कारण पहिल्या पानावर बचतीचा आकडा होता. तात्यांनी आणखी एक शंका विचारली: दिवसा उरलेली माझी वीज जाते कुठं? बसवणारा म्हणाला, "लांब कशाला जातीय? जवळ जिथं लोड असेल तिथं. तुमच्या शेजारी गिरणी आहे ना?" म्हणजे भर दुपारी गिरणीला तात्यांचं ऊन लागत होतं आणि रात्री तात्यांच्या एसीला त्याच डीपीतनं वीज. आपल्याच विजेवर दळलेल्या ज्वारीचे आपण पैसे मोजले, हेही त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

तीन दिवस गल्ली अंधारात होती. तात्यांनी हिशेब केला: बारा त्रिक छत्तीस युनिटं वाया. सूनबाई नातवाला घेऊन माहेरी गेली. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरमधून डीपी आली, पण तीही 63 चीच, दुरुस्त केलेली.

संध्याकाळी तात्या वही आणि पाचशेची नोट घेऊन गिरणीत गेले. वहिनींनी नोट गल्ल्यात टाकली, यादीत नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "नवीन अर्ज तुम्हीच करा. मागच्यात लोडाचा तक्ता नव्हता म्हणून पडून राहिला म्हणे." तक्ता म्हटल्यावर तात्यांना हुरूप आला. घरोघर जाऊन कुणाकडं काय चालतं ते त्यांनी टिपलं, शेवटी परत गिरणीत आले.

"तात्या, मी पण बसवू का हो सोलर? 78,000 मिळतील?"

"ते घरगुती मीटरला. गिरणीचं मीटर त्यात बसत नाही. आणि बसवणारा आपणहून सांगायचा नाही म्हणून मी सांगतो, डीपी गेली की भर उन्हात तुमची मोटार थांबणार."

"म्हणजे नको?"

"बसवा की. पण पान उलटून वाचा. मोटार कितीची?"

"दहा हॉर्सपॉवर."

तात्यांनी साडेसात किलोवॉट लिहिलं. "आणि मागं मिरची कांडपाची आहे ती?"

"ती कशाला लिहिताय?" वहिनी हसल्या. "ती कुठं कागदावर आहे?"

"कागदावर नसलेल्या लोडानंच जळली डीपी."

"बरं. मग तुमचा एसी लिहिलाय का?"

तात्यांनी वहीची पानं मागं उलटली, आपल्या नावापुढं 'एसी 1, दीड टन' लिहिलं आणि मग कांडपाकडं वळले.