जमेची बाजू

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या खामगावच्या घरी पाटावर एक जुनी वही ठेवतात. ती माझ्या पणजोबांची. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवाली केला, कचेऱ्या उघडल्या, आणि पुढे पुण्याकडची लेखणीबहाद्दर मंडळी इकडे आली. त्यांतलेच ते एक. मारवाडातून व्यापारी आले, मुंबईहून अडते आले. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. १८७० साली जलंबहून खामगावास आगगाडीचा फाटाही आला.

पगारातून उरेल ते पणजोबा पेरणीच्या दिवसांत व्याजाने देत. रयतवारीने शेत शेतकऱ्याच्या नावावर लागले होते. म्हणूनच ते गहाणही पडू शकत होते. वहीच्या एका पानावर एक अंगठा आहे, पुढे रक्कम आहे, आणि शेवटी दोनच शब्द: ‘शेत आपले.’

पणजोबा दुष्ट नव्हते. परक्या मुलखात माणसाने जगावे कसे? हाती नांगर नाही, पाठीशी भावकी नाही. आहे ती लेखणी. पोट भरणे हे पाप नव्हेच. परंतु ज्याच्या घामावर ते भरले, त्याच्या खात्यात सारे नावेच पडावे आणि जमेला काहीच नसावे, हा हिशेब खरा कसा म्हणावा?

ते घराणे त्याच शेतात आमचे कूळ म्हणून राबत राहिले. १९५८ च्या विदर्भ कुळकायद्याने शेत पुन्हा त्यांचे झाले. “फिटलं,” वडील म्हणाले. मलाही तसेच वाटले. पण त्या घरचे म्हातारबाबा दर दिवाळीला कापसाची बोंडे घेऊन येत, पायरीशीच बसत आणि मला, शाळकरी पोराला, ‘मालक’ म्हणत. शेत कायद्याने परत दिले. ती पायरी कोणी चढवायची?

गेल्या दिवाळीत त्यांचा पणतू आला. मी त्याला हाताला धरून वर बसवले, ते पान दाखवले. अंगठ्यावर बोट ठेवून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आबा, आमच्या खापरपणज्याचं येवढंच राह्यलं पाहा.”

यंदा त्या पानाच्या जमेच्या बाजूस मी त्याच्या खापरपणजोबांचे नाव लिहिणार आहे. आकडा काय मांडावा, ते मात्र अजून सुचलेले नाही.