खुर्ची देणारे, खुर्ची काढणारे

न्यायालयाचा एखादा निकाल मनाविरुद्ध गेला की आपल्याकडे हमखास विचारलं जातं, ‘यांना निवडून कोणी दिलंय?’ 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक नियुक्ती आयोग रद्द केला, तेव्हा तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटलींनी न निवडलेल्यांच्या जुलूमशाहीची भाषा केली होती. आता ती चहाच्या टपरीपर्यंत झिरपली आहे. परवा एका परिसंवादात एका वक्त्याने तिच्यावर कळस चढवला : ‘अमेरिकेत खालच्या कोर्टाचा न्यायाधीशही लोक निवडतात, म्हणून तिथे निकाल लोकांच्या मनासारखे लागतात.’ टाळ्या पडल्या. या वाक्याचा पूर्वार्ध अर्धाच खरा आहे आणि उत्तरार्ध इतिहासाला उलटा टांगणारा.

अर्धाच, कारण तिथल्या संघराज्याचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि ते तहहयात बसतात. निवडणूक होते ती राज्यांच्या न्यायालयांसाठी, तीही सगळीकडे नाही. 1812 मध्ये जॉर्जियाने खालच्या काही कोर्टांपुरती ती आणली, 1832 मध्ये मिसिसिपीने सगळ्याच न्यायाधीशांना मतपेटीसमोर उभं केलं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचा काळ, सामान्य माणसाच्या मताचा गजर, वगैरे. पुस्तकं ‘जॅक्सनची लाट’ म्हणून इथेच हात झटकतात. पण ही लाटच असेल, तर मिसिसिपीच्या मागून चौदा वर्षं फारसं कोणी का गेलं नाही? रीघ लागली ती 1846 मध्ये न्यूयॉर्कने नवी राज्यघटना केली त्यानंतर.

मधल्या काळात काय झालं? कर्ज झालं. न्यूयॉर्कचा ईरी कालवा 1825 मध्ये पुरा झाला आणि त्याने पैसा ओतला. ते पाहून राज्याराज्यांतल्या विधिमंडळांनी कालवे, रेल्वे आणि बँकांसाठी बेफाम कर्जं काढली. 1837 मध्ये बाजार कोसळला, आणि 1842 पर्यंत आठ राज्यांनी सावकारांपुढे हात वर केले. गंगाजळी उधळली जात असताना न्यायाधीश गप्प का बसले, असा प्रश्न साहजिकच आला. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या गव्हर्नरच्या आणि सिनेटच्या कृपेने खुर्ची मिळाली, त्यांच्या कायद्यावर काट मारणार कोण?

न्यूयॉर्कच्या 1846 च्या घटनेत दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. मतदारांना विचारल्याशिवाय मोठं कर्ज काढायचं नाही, ही एक. न्यायाधीश लोकांनी आठ वर्षांसाठी निवडायचे, ही दुसरी. त्या सुट्या वाचणारा फसतो. पहिलीला राखणदार हवा होता, म्हणून दुसरी आली. लोकांच्या मतावर बसलेला न्यायाधीश लोकप्रतिनिधींना ‘नाही’ म्हणू शकेल, हा हिशेब होता, आणि तो मांडण्यात वकीलच पुढे होते. न्यायाधीशाने जमावाची री ओढावी, असं त्यांच्या स्वप्नातही नसावं.

हिशेब जमलाही. कालवा रुंद करायला विधिमंडळाने 1851 मध्ये नव्वद लाख डॉलर उभे करायचा कायदा केला. 1852 मध्ये याच निवडून आलेल्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. 1856 मध्ये दारूबंदीचा कायदाही त्याच वाटेने गेला. बंदीमागे केवढी मोठी चळवळ होती हे न्यायाधीशांना दिसत नव्हतं थोडंच!

एक चूक मात्र हा हिशेब मांडणाऱ्यांच्या हातून झाली. खुर्ची कोण देतो याचा त्यांनी कीस काढला. ती परत कोण घेऊ शकतो, याचा पुरेसा विचार केला नाही. आठ वर्षं संपली की पुन्हा मतं, आणि मतांच्या आधी पक्षाचं तिकीट. न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेने हे लवकर ओळखलं. पुढची कथा थोडक्यात अशी : टॅमनीचा म्होरक्या ट्वीड, त्याचे न्यायाधीश, न्यायव्यवस्थेवरच्या लोकांच्या नाराजीबद्दलचं रॉस्को पाउंड या कायदेपंडिताचं 1906 मधलं गाजलेलं भाषण, आणि आधी नेमणूक, मग लोकांचं मत अशी 1940 ची मिझुरी राज्याची तडजोड.

मला टोचतो तो खालच्या कोर्टातला न्यायाधीश, कारण वरच्यांवर निदान वर्तमानपत्रांची नजर असते. टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश दर चार वर्षांनी पक्षाच्या नावाने उभा राहतो. प्रचाराला पैसे देणारे बरेचदा उद्या त्याच्याच समोर उभे राहणारे वकील. 2018 मध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत रिपब्लिकन न्यायाधीश सरसकट पडले. त्यातले सगळेच नालायक होते काय? मतपत्रिकेवर एकच खूण करून अख्ख्या पक्षाला मत देता येत होतं, एवढंच. आणि पेनसिल्व्हेनियातल्या शिक्षा तपासून ह्यूबर आणि गॉर्डन या अभ्यासकांनी 2004 मध्ये दाखवलं की निवडणूक जवळ येते तशी न्यायाधीशाने दिलेली कैद लांबते. ज्याची सुनावणी आदल्या वर्षी झाली तो सुटला म्हणायचा. ‘लोकांच्या मनासारखा निकाल’ तो हाच.

आपला तालुक्याचा न्यायाधीश परीक्षा देऊन येतो, त्याची बदली-बढती राज्यघटनेच्या 235 व्या कलमाने उच्च न्यायालयाच्या हाती आहे. तिथेही भीती आहेच, नाही म्हणत नाही. तिच्यावर बोला, जरूर बोला. पण निवडणुकीचं औषध सुचवणाऱ्यांनी आधी मेक्सिकोकडे पाहावं. तिथे 1 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयापासून खालपर्यंत न्यायाधीशांची निवडणूक झाली. मतदान जेमतेम तेरा टक्के. कोणत्या क्रमांकाच्या उमेदवारांना मत द्यायचं हे सांगणाऱ्या, परीक्षेतल्या कॉपीसारख्या चिठ्ठ्या आधीच वाटल्या गेल्या होत्या. त्यांना तिथे ‘अकॉर्डियन’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयावर नऊ जण निवडून आले. नऊच्या नऊ नावं त्या चिठ्ठ्यांवर होती.