न जाणत्याशी केलेला सौदा

विसावा घेणे हे पाप आहे की काय, अशी शंका आमच्या सेवकवर्गात अजून पुष्कळांच्या मनात वसते. पेरणी, कापणी, सभा, घरभेटी, लग्ने व दफनविधी यांत वर्ष निघून जाते, आणि कोणी चार दिवस समुद्रकाठी जाऊन बसला तर मंडळीत कुजबुज होते. प्रभूने थकून आलेल्या शिष्यांस एकांत स्थळी जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, हे मार्काच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो व पुढे जातो. पुढच्याच अध्यायात कुर्बानाची गोष्ट आहे. आईबापांस जे द्यावयाचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून जे मोकळे होत, त्यांस प्रभूने दोष दिला. आम्हांस ती गोष्ट पैशापेक्षा वेळेविषयी अधिक बोचते.

म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही वृद्ध आईवडिलांस व मुलांस घेऊन दापोली तालुक्यातील मुरुड येथे पाच दिवस राहिलो. वडिलांनी चाळीस वर्षे सुवार्तिकाचे काम केले, पण समुद्र त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला होता. ते सकाळी खुर्ची घेऊन सुरूच्या सावलीत बसत व भरती चढून उतरेपर्यंत तेथून हलत नसत. आई पाण्यात पाय बुडवून लहान मुलीसारखी हसे. संध्याकाळी आम्ही हर्णैस जाऊन मासळीचा लिलाव पाहत असू, आणि समोर सुवर्णदुर्गावर ऊन मावळत असे. याहून अधिक आम्ही काही केले नाही, व त्याची आम्हांस लाजही वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास बसलो ती सांगतो. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाने आपल्याबरोबर पोकेमॉनच्या पत्त्यांची एक डबी आणिली होती. हे पत्ते आपल्या नेहमीच्या बावन्न पत्त्यांसारखे नव्हेत. पुष्कळांवर एकेका कल्पित प्राण्याचे चित्र व त्याच्या बळाचे आकडे असतात; खेळणारा आपल्या संग्रहातून 60 पत्ते निवडून जोड तयार करितो व दुसऱ्याशी सामना करितो. या जातीच्या खेळाचा आरंभ 1993 साली अमेरिकेत झाला. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने ‘मॅजिक’ नावाचा खेळ रचिला, त्यात पत्ते बंद पाकिटातून विकत, आणि आत काय निघेल हे घेणाऱ्यास ठाऊक नसे. पोकेमॉनचे पत्ते जपानात 1996 साली निघाले. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा 120 पत्त्यांची असते. पेटी घेतली की सगळा संच हाती येतो. येथे मात्र संच कधीच पुरा होत नाही. काही पत्ते मुद्दाम थोडे छापलेले असतात, आणि त्यांच्या आशेने मुले पाकिटामागून पाकीट फोडितात.

हा जुगार आहे काय? ‘मॅजिक’च्या पहिल्या नियमांत तर प्रत्येकाने एक पत्ता पणास लावावा व जिंकणाऱ्याने तो न्यावा असे होते, पुढे तो नियम सुटला, हे बरे झाले. पाकीट घेणाऱ्यास काहीतरी मिळतेच, यास्तव त्यास सरळ जुगार म्हणणे कठीण आहे. तथापि विकली जाते ती वस्तू नव्हे, आशा विकली जाते, असे आमचे मत आहे. आणि मुलाला आम्ही पाकिटे घेऊ देत नाही. आपसांत अदलाबदल करण्यास मात्र मोकळीक दिली होती. धोका तेथेच निघाला.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांचा आठ वर्षांचा नातू रोज ओटीवर येई. त्याला मुंबईच्या मामाने थोडेसे पत्ते दिले होते, व त्यांत एक चकाकणारा, दुर्मिळ पत्ता होता. तिसऱ्या दिवशी जेवताना आमच्या चिरंजिवांनी मोठ्या आनंदाने सांगितले की, तो पत्ता आपण मिळविला; बदल्यात दहा साधे पत्ते दिले; शहरात त्या एकट्याचे कित्येक शे रुपये येतील.

आमच्या वडिलांनी जन्मभर पत्त्यांविरुद्ध उपदेश केलेला. आता ते खेळावरच कोरडे ओढतील असे आम्हांस वाटले. परंतु ते इतकेच म्हणाले, “बाळा, तुला जे ठाऊक होते ते त्याला ठाऊक होते का?”

“नाही आजोबा. पण मी जबरदस्ती नाही केली. तो तर खूष झाला. एकाचे दहा मिळाले त्याला!”

हे उत्तर आम्हांस वाटले तितके पोरकट नव्हते. दोघेही राजी, दोघेही आनंदी. मग अन्याय कोणावर झाला? हर्णैच्या लिलावात घेणारा स्वस्तात मिळवू पाहतो व विकणारा महाग देऊ पाहतो, तेथे कोणी कोणास पापी म्हणत नाही. पण तेथे टोपलीतली सुरमई दोघांच्याही डोळ्यांपुढे असते, आणि दोघांचाही जन्म मासळीत गेलेला असतो. उलट आमच्या खेड्यांत काय घडते? व्यापारी बांधावर येतो. मोठ्या बाजारात आज कांद्याचा भाव चढला हे त्यास ठाऊक असते, शेतकऱ्यास नसते. शेतकरी राजीखुशीने देतो, पैसे मोजून घेतो, हसतही असेल. दुसऱ्या दिवशी भाव कळला म्हणजे त्याच्या पोटात जे कालवते, तो अन्याय नव्हे असे आमचा कोणता वाचक म्हणेल? नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात घेताना मालाला नावे ठेवणारा व घरी जाऊन फुशारकी मारणारा मनुष्य आहे. त्या रात्री तो आमच्याच पंक्तीला जेवत होता.

इतक्यात आईने असा प्रश्न घातला की आम्ही निरुत्तर झालो. शेतात ठेव सापडलेला मनुष्य ती लपवितो व शेत विकत घेतो, असा दाखला प्रभूने दिला. त्याने तरी मालकास कोठे सांगितले? वडिलांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले की, त्या दाखल्यात त्या मनुष्याने आपले सर्वस्व विकले, एवढेच प्रभूला दाखवावयाचे आहे. अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यावरून जसे आपण हिशेब लिहिण्यास शिकत नाही, तसे या दाखल्यावरून जमीन घेण्यास शिकावयाचे नाही. हा अर्थ आम्हांस पटतो. तरी आईचे समाधान पुरते झाले नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

श्रमाने मिळविलेल्या ज्ञानाचा लाभ घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. मासे कोठे आहेत हे ओळखणारा तांडेल जाळे भरून आणितो, त्यात इतर नावांची फसवणूक नाही. कारण तो समुद्राकडून घेतो. दुसऱ्याच्या हातातली वस्तू आपण घेतो, आणि त्याचे अज्ञान हाच आपला सगळा नफा असतो, तेव्हा प्रश्न निराळा होतो. त्यातून समोरचा लेकरू असला, किंवा निरक्षर असला, तर त्याच्या होकाराचे मोल फारच थोडे. आमच्या सेवकांपैकी पुष्कळजण कागद वाचणारे व इतर अंगठा उठविणारे, अशा गावांत राहतात; त्यांस हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

पत्ता परत कर असे आम्ही मुलास सांगितले नाही. वडिलांनीच अडविले. त्यांचे म्हणणे, आधी त्याला खरे काय ते सांगू दे. सकाळी मुलगा मान खाली घालून ओटीवर गेला व त्या पत्त्याचे मोल किती ते त्याने सांगितले. धाकट्याने पत्ता उलटसुलट करून पाहिला, मग आपल्या दहांकडे पाहिले. चकाकता पत्ता त्याला नको होता. एका पत्त्याने खेळता येत नाही, असे तो म्हणाला. मात्र आणखी दोन दे, असे त्याने मागितले, आणि ते दोन त्याने स्वतः डबीतून निवडून घेतले. निवडलेला एक आमच्या मुलाच्या फार आवडीचा होता, हे त्याच्या तोंडावरून दिसले. तरी त्याने तो दिला.

दुपारभर दोघे ओटीवर खेळत होते. वडिलांनी पत्त्यांस हात लाविला नाही. परंतु खुर्ची समुद्राकडून वळवून ते तेथेच बसले, आणि पाळी कोणाची याविषयी तंटा झाला की तेच सांगत.